जादा वजन

माणसाला काय सांगायचं आहे यापेक्षा ते कुठल्या साच्यात सांगायचं हे आधी ठरलं पाहिजे, नाहीतर समाजाची घडी विस्कटते. या थोर तत्त्वावर 'नवजुने काव्यप्रकार शिक्षण व नोंदणी मंडळ' गेली एकोणीस वर्षं उभं आहे. (खुर्च्या अकरा आणि सदस्य सतरा असल्यामुळे काही सदस्यही उभेच असतात.) मंडळाची खोली इस्त्रीच्या दुकानावर आहे. खालून वाफ येते, फरशी बारा महिने कोमट असते, आणि त्यामुळे इथल्या प्रत्येक कवितेत ऊब असते, असं वार्षिक अहवालात नमूद आहे.

अहवालातली आकडेवारीही ऊर भरून यावा अशीच आहे. गेल्या वर्षी मंडळाने एकेचाळीस नवे काव्यप्रकार नोंदवले. त्याच काळात सदस्यांनी कविता लिहिल्या सहा. त्यातल्या चार नियम समजावण्यासाठी उदाहरण म्हणून, एक पैजेवर आणि एक चुकून. (चुकून लिहिणाऱ्या सदस्याने लेखी दिलगिरी दिली आहे.)

अशा या मंडळाच्या दारात एका सोमवारी काटेवाले येऊन उभे राहिले. काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. बाजारातले झुकलेले, गंजलेले, मुद्दाम बिघडवलेले काटे त्यांनी चाळीस वर्षं सरळ केले होते. कवितेशी त्यांचं काही वाकडं नव्हतं, तसं सूतही नव्हतं. त्यांना इथे बायकोने पाठवलं होतं, फक्त ते तिला ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं. त्यांची बायको दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसायची. एकतीस वर्षं झाली होती आणि नऊ महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. सकाळी डबा भरता भरता ती म्हणाली, "अहो, निरोपसमारंभाला घरच्या माणसाने बोलायची पद्धत आहे आमच्याकडे. तुम्ही बोलाल ना?"

"मी? मी काय बोलणार?"

"तेच तर म्हणते. इतक्या वर्षांत चार माणसांत माझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. नुसत्या चार ओळी लिहून आणा आणि वाचा. खिडकीच्या पलीकडून लोकांनी मला पुष्कळ ऐकवलंय. एकदा अलीकडून कुणीतरी बोलू दे."

हे ती हसत हसतच म्हणाली. पण डब्याचं झाकण तिने दोनदा लावलं आणि दोनदा काढलं, हे काटेवाल्यांनी पाहिलं. एवढं एकच मागितलं होतं तिने, आणि तेवढंच नेमकं त्यांना येत नव्हतं.

मंडळाचे अध्यक्ष पूर्वी बसगाड्यांची वेळापत्रकं तयार करायचे. त्यांच्या वेळापत्रकात एकही चूक नसे. चूक असे ती बसगाड्यांची. त्यांनी काटेवाल्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"काय लिहायचंय?"

"बायकोबद्दल चार ओळी."

"तो विषय झाला हो. विषय काय, कुणाकडेही असतो. प्रकार कुठला?"

काटेवाल्यांनी दोन्ही खिसे चाचपून पाहिले. त्यांना ताबडतोब प्रवेश मिळाला.

मंडळाचा अभ्यासक्रम शास्त्रशुद्ध आहे. पहिले दोन महिने ओवी. मग आर्या. मग सुनीत, ज्यात ओळी चौदाच भरल्या पाहिजेत, आणि त्यांत काय भरलंय हे अजून कुणी तपासलेलं नाही. गझलेसाठी तीन आठवडे दुःख करायचं असतं. (मंडळातल्या दंतवैद्य बाईंनी ते दीड आठवड्यात आटोपलं. त्यांच्या ते रोजच्या बघण्यातलं होतं.) मुक्तछंदवाल्यांना दाराशी बसवतात, म्हणजे जाताना इतरांना उठावं लागत नाही. पण या सगळ्याचा कळस म्हणजे रिकाम्या साच्याचा सराव. यात शब्द घ्यायचेच नाहीत, नुसती लघु-गुरूंची टकटक करायची. शब्द लवकर घेतले की त्यांच्यामागून अर्थ शिरतो, आणि अर्थ शिरला की वृत्त लंगडतं, असा मंडळाचा एकोणीस वर्षांचा अनुभव आहे.

काटेवाले भलतेच हुशार विद्यार्थी निघाले. जेवताना ते चमच्याने ताटावर टकटक करायचे. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे शेजारी वर आले आणि म्हणाले, नळ दुरुस्त करणारा आलाय वाटतं, झालं की आमच्याकडेही पाठवा.

"हे काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"तुझंच काम चाललंय," काटेवाले म्हणाले, आणि पुन्हा टकटक करू लागले. ती बिचारी खूश झाली.

असे सहा महिने गेले. मग काटेवाल्यांना नियम चौदा दाखवण्यात आला. ज्या सदस्याला कविता चारचौघांत वाचायची आहे, त्याने आधी स्वतःचा काव्यप्रकार शोधून तो नोंदवून घ्यावा. यात अन्याय काहीच नव्हता. सगळ्यांनीच आपापला शोधला होता. दंतवैद्य बाईंचा 'अक्कलदाढ' नावाचा प्रकार होता. त्यात शेवटची ओळ फार उशिरा आणि वेदना देत येते, आणि बहुधा काढूनच टाकावी लागते. लिफ्ट चालवणाऱ्या एका सदस्याचा 'चढउतार' खालून वर वाचायचा असे, आणि काही दिवशी तो मध्येच अडकून पडे. खुद्द अध्यक्षांचा प्रकार 'वेळापत्रक'. त्यात प्रत्येक ओळीची येण्याची वेळ समासात दिलेली असते, आणि ओळ येत नाही.

काटेवाल्यांनी आठ दिवस डोकं खाजवलं आणि 'तराजू' मांडला. डावीकडे दोन ओळी लिहिणाऱ्याबद्दल. उजवीकडे दोन ओळी जिच्याबद्दल लिहायचं तिच्याबद्दल. मध्ये काटा म्हणून एकच शब्द. दोन्ही पारड्यांत मात्रा समसमान, एकीचाही फरक चालायचा नाही. अध्यक्षांना गहिवरून आलं. ते उठून उभे राहिले. (खुर्ची गेली.) "असा साचा दहा वर्षांत आला नाही," ते म्हणाले. "आता यात काहीही घाला, शोभेलच."

मग काटेवाले आपल्या दुकानात बसून लिहू लागले. आधी उजवं पारडं घेतलं, तिचं. एक ओळ लिहिली, तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली, थांबेचनात. आपल्याकडे एवढं होतं याचा त्यांना स्वतःलाच अचंबा वाटला. मग डावं पारडं घेतलं, स्वतःचं. त्यात त्यांनी 'मी काटे सरळ करतो' एवढं घातलं आणि पुढे काही सुचेना. उजवं पारडं जमिनीला टेकलं.

आता काटा झुकला तर उपाय दोनच असतात. हलक्या बाजूला भर घालायची, नाहीतर जड बाजूचं काढायचं. काटेवाल्यांनी सबंध दुपार स्वतःच्या बाजूला घालण्याजोगं काही शोधलं. मग निमूटपणे तिच्या बाजूचं काढायला घेतलं.

या धंद्याची एक शिस्त आहे. दुरुस्तीत काट्यातून काहीही काढलं, तर ते चिठ्ठीवर टिपून चिठ्ठी जवळ ठेवायची, म्हणजे पुढे गिऱ्हाइकाशी वाद होत नाहीत. त्याप्रमाणे काटेवाल्यांनी चिठ्ठीच्या डोक्यावर 'जादा वजन' असं लिहिलं, काढलेली एकेक ओळ तिच्यावर टिपली आणि चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात टाकली. मंडळाच्या बैठकीत दंतवैद्य बाईंनी ती पाहिली होती. "अहो, या ओळी छान आहेत. काढताय कशाला?" असं त्या म्हणाल्याही. तेव्हा 'छान' हा शब्द नियमावलीत कुठेच नसल्याचं अध्यक्षांनी त्यांच्या निदर्शनास आणून दिलं.

समारंभ दवाखान्याच्या वरच्या दालनात दुपारी झाला. ऐंशीएक माणसं होती. मंडळही फाइल घेऊन हजर होतं. अध्यक्षांनी 'तराजू'चे नियम अठरा मिनिटं विशद केले. मग काटेवाले उठले, घसा साफ केला आणि प्रमाणित कविता वाचली:

मी काटे सरळ करतो
मग दुकान बंद करतो
स्थिर
ती खिडकीवर बसते
लोकांची नावे लिहिते

दोन्हीकडे सव्वीस मात्रा. अध्यक्षांनी बोटांवर मोजल्या आणि कडकडून टाळ्या वाजवल्या. बाकीची माणसं काटेवाले कागद कधी उलटतात याची वाट बघत होती. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. चुकीचा कागद घेऊन खिडकीवर आलेल्या माणसाकडे ती पाहायची तसं. त्यात राग नव्हता. ती फक्त आता पुढच्याला बोलावणार होती. काटेवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग ती उत्तराला उभी राहिली. सगळ्यांचे आभार मानले. आणि पर्समधून एक चिठ्ठी काढली.

"काल यांचा सदरा धुवायला घेतला तर खिशात ही सापडली. वर 'जादा वजन' लिहिलंय. मला वाटलं, दुकानातलं काहीतरी असेल. वाचते."

आणि तिने वाचलं:

"कामावरून आल्यावर ती उजवा हात बादलीत बुडवून बसते. मी कधी विचारलं नाही, दुखतो का.

माझ्या आईला शेवटी कुणाचंच नाव आठवायचं नाही. हिचं आठवायचं.

भांडण झालं त्या दिवशीही माझा डबा तेवढाच भरलेला होता. मी दुकानात तोलून पाहिला होता.

ती गावाला गेली की मी दुकानातून लगबगीने येतो, आणि दाराचं कुलूप बघून मग मला आठवतं.

ती माझ्याआधी गेली तर काय, हे मला मोजता येत नाही."

पुढे काही नव्हतं, तरी ती कागदाकडे बघत राहिली. मोठे डॉक्टर चष्मा पुसू लागले. झाडू मारणाऱ्या बाई उघड उघड रडत होत्या. काटेवाले खाली मान घालून आपल्या चपलांकडे बघत बसले होते. मग ते उठले. हातात कागद नव्हता, प्रमाणपत्र नव्हतं, साचा तर नव्हताच.

"अगं," ते म्हणाले, "दुखतो का हात?"

"दुखतो," ती म्हणाली. "फार दुखतो हो."

इतक्या वर्षांत चार माणसांत ते तिच्याशी एवढंच बोलले, आणि तिला ते पुरलं. तिने डोळे पुसले आणि चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली.

मंडळाच्या दृष्टीने मात्र परिस्थिती गंभीर होती. मंडळाच्या सदस्याने लिहिलेली कविता ऐंशी माणसांसमोर वाचली गेली होती आणि तिचा प्रकारच नोंदलेला नव्हता. अध्यक्षांनी जिन्यातच तातडीची बैठक बोलावली आणि 'जादा वजन' हा नवा काव्यप्रकार मंजूर केला. नियम थोडक्यात असे. ओळी दुसऱ्या कवितेतून काढून टाकलेल्या असाव्यात. चिठ्ठी धुवायला जाणाऱ्या कपड्याच्या खिशात असावी. ती घरच्या माणसाला आपोआप सापडावी. चौथ्या ओळीला ऐकणाऱ्याच्या घशात दाटून यावं.

प्रकार अतोनात लोकप्रिय झाला. सदस्य काढून टाकण्यासाठी ओळी लिहू लागले. न मळलेले सदरे धुवायला पडू लागले, आणि खाली इस्त्रीच्या दुकानात गठ्ठे दुप्पट झाले. गेल्या तिमाहीत एकूण त्रेसष्ट चिठ्ठ्या खिशांत ठेवल्या गेल्या. सापडल्या दोन. त्यातली एक धोब्याची यादी होती आणि दुसरीचा लगदा झाला होता. (बाकीच्या सदस्यांच्या घरी खिसे बघण्याची पद्धत नसावी. कारणांचा अभ्यास करण्यासाठी उपसमिती नेमली आहे.) काटेवाले हल्ली बैठकीला येत नाहीत. त्या वेळी ते घरी बादलीत कोमट पाणी काढत असतात.

आता वाचकांसाठी सूचना. चौथ्या ओळीला तुमच्या घशात काही दाटून आलं असेल, तर ते नियमानुसारच झालेलं आहे, त्यात तुमचं विशेष कौतुक नाही. हे वाचून झालं की तुम्ही घरातल्या कुणाचा तरी खिसा हळूच चाचपाल, आपल्याबद्दल काही निघतंय का बघाल, आणि नाही निघालं तर दोन दिवस घुश्शात राहाल. तुमच्या खिशात त्या माणसाला काय सापडेल, हे बघायची तुम्हाला गरज नाही. किल्ली, रुमाल आणि कुठलीशी जुनी पावती, हे तुम्हाला पाठच आहे. आणि पलीकडच्या खोलीतल्या माणसाचा कुठला हात दुखतो हे विचारायचं राहून गेलं असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. साचा अजून ठरायचा असेल.