चौरंगावरचा कॉर्डलेस

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत. एक, स्क्रू हाताने पिळत बसणारे. आणि दुसरे, माझ्यासारखे हुशार!

माझा कॉर्डलेस स्क्रू ड्रायव्हर काय चीज आहे, हे तुम्हाला सांगून कळायचं नाही. पिस्तुलासारखा हातात धरायचा, बोटाने लाल बटण दाबायचं, की स्क्रू 'आलो, आलो' म्हणत बाहेर! हॉटेलातल्या इडलीच्या अजस्र ग्राइंडरचं झाकण मी चहा निवायच्या आत उघडतो. स्क्रू पुरेसा घट्ट झाला की यंत्र टर्रर्र करून आपणहून पिळायचं थांबतं. कुठे थांबावं याची इतकी समज आमच्या घराण्यात आजवर कुणाला आलेली नाही. आणि बॅटरी? एकदा भरली की दिवसभर बघायला नको!

पण आमच्या सासऱ्यांना हे कोण सांगणार? श्रीधररावांचं जे. पी. नगरमध्ये हॉटेलांची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान आहे. मी मूळचा सांगलीचा. लग्नानंतर बंगळूरला आलो आणि त्यांच्याच हाताखाली रुजू झालो. घरजावई म्हणू नका, दुकानजावई म्हणा. मामांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, लाकडी मुठीचा एक स्क्रू ड्रायव्हर आहे. मूठ वापरून वापरून इतकी गुळगुळीत झालीय, की तिच्यात तोंड पाहून भांग पाडावा.

"अनिलकुमार," मामा म्हणायचे, "स्क्रू शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला बोलतो. आटे धरले का सुटले, ते मनगटाला कळतं. तुमच्या घर्रघर्रीत काय ऐकू येणार?"

"मामा, स्क्रूशी गप्पा मारायला वेळ कुणाला आहे?"

"मग प्लास्टिकची झाकणं तडकतात ती कशानं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. पण सासऱ्यांना उलट बोलू नये.

खरा प्रश्न इंदिरानगरच्या नव्या दुकानाचा होता. गाळा तयार होता, रंग लागला होता आणि ते दुकान स्वतंत्रपणे, कॉर्डलेसच्या जोरावर चालवायचं माझं स्वप्न होतं. मामांनी एकच अट घातली. इंदिरानगरात बसवंत अण्णांची हॉटेलं आहेत. अण्णा निपाणीकडचे, मामांचे जुने गिऱ्हाईक. ते खंडेनवमीच्या पूजेला येणार होते. "अण्णांना तुमची पद्धत पटली आणि त्यांनी आपल्या हॉटेलांचं काम दिलं, तर दुकान तुमचं. नाही तर मी गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्यानं देतो!"

मोबाइलची कव्हरं! माझ्या स्वप्नाच्या जागी!

खंडेनवमी, म्हणजे इथली आयुधपूजा, आमच्याकडे फार कडक. घरातलं आणि दुकानातलं प्रत्येक हत्यार धुऊनपुसून चौरंगावर मांडायचं. पाने, पकडी, कात्र्या, झालंच तर सासूबाईंची विळी. पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आयुधं विश्रांती घेतात. त्या दिवशी घरात दोरा तोडायचा तर दाताने!

"यंदा मधे कॉर्डलेस बसणार!" मी जाहीर केलं. मधली जागा वर्षानुवर्षं लाकडी मुठीची.

मला वाटलं, मामा उखडतील. ते नुसते म्हणाले, "सरी, चालेल. बसवा."

मी रात्रीच बॅटरी काठोकाठ भरून ठेवली होती. चमकतं पातं लावलं आणि कॉर्डलेस मधोमध उभा केला. काय रुबाब! बाजूची पक्कड मोलकरणीसारखी दिसायला लागली. सासूबाई, म्हणजे हेमावतीमामी, सगळ्या हत्यारांना एकाच लाल-पिवळ्या दोऱ्यात ओवतात आणि तो दोरा चौरंगाच्या पायांना बांधतात. कुटुंब एकत्र राहावं म्हणून.

"ह्याला कुठं बांधू हो?" मामींनी विचारलं.

"कमरेला, मामी! चांगला घट्ट!"

आता कॉर्डलेसची कमर म्हणजे नेमकी लाल बटणाची जागा, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. बटणाला कुलूप लावायची सोय असते, असंही पुस्तिकेत लिहिलेलं आहे म्हणे. पुस्तिका कोण वाचतं!

बसवंत अण्णा आले. पांढरा शर्ट, कपाळावर विभूती आणि चेहरा मात्र आंबलेल्या पिठाची तक्रार घेऊन आल्यासारखा. मी नव्याकोऱ्या रेशमी सोवळ्यात. पूजा सुरू झाली. मामांनी आयुधांवर पाणी शिंपडलं, मामींनी हळदकुंकू वाहिलं, मामांनी पुन्हा पाणी शिंपडलं. सुती दोरा भिजला की आक्रसतो. आरतीच्या ऐन भरात तो इतका आक्रसला, की बटण दाबलं गेलं.

घर्रर्र!

पहिल्यांदा सावकाश. मग जोरात! पात्याजवळचं कुंकू चारी दिशांना उडालं. मामांची दाढी लाल, समई लाल, अण्णांचा पांढरा शर्ट लाल!

"अय्यो देवरे!" म्हणून अण्णांनी सरळ लोटांगण घातलं.

"संचार झाला! यंत्रात संचार झाला!" मामींनी घंटा आणखी जोरात वाजवायला घेतली.

"मामी, बटण दाबलं गेलंय! बटण!" मी ओरडत होतो. पण घंटेपुढे माझं कोण ऐकतं? मी चौरंगाकडे झेप घेतली. तेवढ्यात फिरत्या पात्याने माझ्या सोवळ्याचं टोक पकडलं आणि गरगर गुंडाळायला सुरुवात केली! मी मागे ओढतोय, तो पुढे ओढतोय. लाज राखायची तर पुढे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शेवटी मी चौरंगाला मिठी मारून गुडघ्यांवर बसलो. सोवळं पुरतं ताणल्यावर यंत्राने टर्रर्र, टर्रर्र सुरू केलं. माझं घट्ट झालं होतं!

"विद्याश्री, बंद कर ते!" मी बायकोला हाक मारली.

ती पुढे आली. पण मामांनी तिला हाताने अडवलं.

"पूजा झालेली आहे. उद्यापर्यंत आयुधाला हात लावायचा नाही!"

"मामा, दोरा तरी कापा!"

"कशानं कापू? कात्री पूजेत आहे. आणि पूजेच्या दोऱ्याला दात लावून तो उष्टा करू?"

"आपोआप बंद पडेल की," मामी म्हणाल्या.

"मामी, दिवसभर चालतं ते!" हे वाक्य इतक्या रडवेल्या आवाजात मी यापूर्वी कधीच म्हटलं नव्हतं.

आता माझी बायको बघा. एरवी मी तिचं कौतुक तोंडावर करत नाही, डोक्यावर बसेल म्हणून. पण इथे करतो. टर्रर्र चालू असताना, नवरा चौरंगाला चिकटलेला असताना, ती शांतपणे वडिलांना म्हणाली, "अप्पा, बॅटरी म्हणजे त्याचं जेवण ना? मी आयुधाला हात लावत नाही. नुसतं ताट काढून घेते. नवरात्र आहे, त्यालाही उपास घडू दे."

मामांनी डोळे मिटून विचार केला. मी सोवळं दोन्ही मुठींत धरून त्यांच्या विचारांची वाट पाहिली.

"उपास चालेल," मामा म्हणाले.

खटकन बॅटरी निघाली. शांतता! काय बाई आहे हो! मला त्या अवस्थेतही तिच्या पाया पडावंसं वाटलं, आणि तसाही मी वाकलेलोच होतो.

पण सोवळं पात्याभोवती इतकं आवळलं होतं, की पातं काढल्याशिवाय सुटणार नव्हतं. आणि पात्याला हात उद्या! विद्याश्री आतून लुंगी घेऊन आली. "अहो, चादर धरते. पटकन बदला."

मी सुटकेचा श्वास घेणार, इतक्यात बसवंत अण्णा लोटांगणातून उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय भक्ती म्हणायची ओ ही!" ते मामांना म्हणाले. "आमच्याकडचे मिस्त्री पक्कड पायानं सरकवतात, बघा. आणि हा माणूस हत्याराला मिठी मारून बसलाय! माझ्या सगळ्या हॉटेलांचं काम ह्यालाच द्यायचं. दुसऱ्या कुणाला नाही."

मी विद्याश्रीकडे पाहिलं, लुंगीकडे पाहिलं आणि मोबाइलची कव्हरं डोळ्यांपुढे आणली.

"लुंगी आत ठेव," मी कुजबुजलो.

मग काय! दिवसभर बसलो तसाच. गल्लीतले लोक चुरमुरे-डाळ्यांचा प्रसाद घ्यायला येत होते आणि चौरंगाला बिलगलेला जावई पाहून थक्क होत होते. "उठत नाही?" "नाही हो, व्रत आहे!" अण्णा स्वतः दारात उभं राहून माहिती देत होते. बायकांनी हत्यारांना कुंकू लावता लावता मलाही लावलं. एका आजींनी माझ्या डोक्यावर फुलं ठेवली. पाय मुंग्यांनी भरले होते, नाकावर हळद होती, पण खोटं कशाला बोलू? मला आवडत होतं! आयुष्यात इतका मान मला कुणी दिला नव्हता, लग्नातसुद्धा.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर चादरीआड मला लुंगी मिळाली. दसऱ्याच्या सकाळी आयुधं उठल्यावर मामा आले, माझ्याशेजारी बसले आणि इंदिरानगरची किल्ली हातावर ठेवली. सोबत एक जुना, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर.

"हा कशाला, मामा? माझ्याकडे कॉर्डलेस आहे की!"

"असू दे," मामा म्हणाले. ते हसत होते, पण का ते मला तेव्हा कळलं नाही.

दुकान झोकात सुरू आहे, वाचकहो! अण्णांनी उद्घाटनाला स्वखर्चाने काचेचं मखर करून आणलं आणि संचार झालेला कॉर्डलेस त्यात बसवला. मखराला कुलूप आहे, किल्ली अण्णांकडे. दुसरा आणायचं मी एकदा बोलून पाहिलं, तर अण्णा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. गिऱ्हाईक येतं, आधी मखराला हात जोडतं, चपला काढून दोन मिनिटं डोळे मिटतं. मग ग्राइंडर माझ्यापुढे ठेवून अगदी प्रेमाने सांगतं,

"मिस्त्री, हातानंच करा हं. देवाला स्वल्पसुद्धा त्रास नको!"