शेवट न पाहिलेले जनूदादा

आमचे शेजारी जनूदादा कुठल्याही कार्यक्रमाचा शेवट पाहत नाहीत. संपायला दहा मिनिटं उरली की ते उठतात, दरवाजे सताड उघडतात आणि मंडळींकडे तोंड करून उभे राहतात. माझ्या बहिणीच्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक सुरू होताच त्यांनी हॉलची दोन्ही दारं उघडली आणि पुकारा केला, "सावकास जा, दरवाजा उघडा हाय!" लोक सवयीने उठले आणि थेट जेवायला गेले. अंतरपाट दूर झाला तेव्हा अक्षता टाकायला आम्ही घरचे आणि बँडवालेच उरलो होतो.

पण त्यांना दोष तरी कसा द्यायचा? कोन गावाहून सायकल हाणत येऊन त्यांनी उभा जन्म भिवंडीच्या आमच्या टॉकीजमध्ये डोअरकीपरची ड्युटी केली. ते लागले तेव्हा बाकडी होती. मग खुर्च्या आल्या, खुर्च्यांत ढेकूण आले, बाहेर 'वातानुकूलित' असा बोर्ड आला आणि आत सहा पंखे आले. जनूदादा आपले दारातच.

शुक्रवारी लूम, म्हणजे कापडाचे माग बंद, की कामगारांची अख्खी नारपोली वस्ती आमच्या टॉकीजला. खेळ संपताना दारं उघडायची आणि दिवे लावायचे, हे काम जनूदादांचं. त्यामुळे रोज सिनेमा लागणाऱ्या जागेत राहून या माणसाने एकही शेवट पाहिला नव्हता. हिरो जगला की मेला, हे ते पब्लिकच्या तोंडावरून ठरवत. एकदा एक विनोदी सिनेमा त्यांनी आठवडाभर "लय दुखाचा हाय" म्हणून सांगितला. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, एवढंच.

दिवे मात्र ते कधी लगेच लावत नसत. मॅनेजर मागून ओरडायचा, "जनू, लाईट!" आणि हे बटणावर बोट ठेवून मनातल्या मनात वीसपर्यंत मोजत उभे. मी एकदा कारण विचारलं.

"आरं मास्तर, ही मानसं मुलूख सोरून आलेली. लूमवर रडता येत न्हाय, खोलीवर धा जन. हितं अंधारात रडतान. डोले पुसाला टाइम नको?"

गेल्या वर्षी टॉकीज विकलं गेलं. आता तिथे गोदाम होणार. शेवटच्या खेळाच्या आदल्या दिवशी जनूदादा माझ्या दारात आले. आत या म्हटलं तरी येईनात.

"मास्तर, उद्या दाराशी तू उभा ऱ्हाशील? मना एक शेवट बघाचाय."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, तिकीट काढून ते तिसऱ्या रांगेत बसले. दहा मिनिटं उरताच सवयीने उठलेच. मी दारातून हाताने खूण केली, तेव्हा खाली बसले. सिनेमा तसा टुकारच होता. हरवलेला मुलगा शेवटी घरी येतो, आई त्याला ओळखते, संपलं.

मी त्यांच्यासारखाच पडद्याकडे पाठ करून उभा होतो. पडद्यावरचा शेवटचा उजेड जनूदादांच्या तोंडावर पडला, तेव्हा त्यांचे गाल ओले दिसले. त्या आईमुलासाठी ते रडत नव्हते, हे सांगायला मास्तर कशाला हवा?

"मास्तर, लाईट!" मॅनेजर ओरडला.

मी बटणावर बोट ठेवलं आणि वीसपर्यंत मोजलं. मग पुन्हा एकपासून सुरुवात केली.