जावईबापूंच्या टाकीचं झाकण

या, जरा पुढे सरकून बसा. मागच्यांनीही या, जागा होईल. एका झाकणाची कथा सांगतो. ऐकून पुण्य लागेल असं नाही, पण वेळ बरा जाईल.

जगात प्रकाशाची कमतरता कधीच नव्हती. कमतरता आहे ती त्याला योग्य दिशेला वळवणाऱ्यांची. म्हणून देवाने प्रकाश निर्माण केला आणि पुढचं काम समित्यांवर सोपवलं.

आमच्या दाखले देणाऱ्या कचेरीत, ताटकळणाऱ्या लोकांचं डोकं तापू नये म्हणून बाकांसमोर माशांची काचेची टाकी ठेवली होती. (मासा एकच. बाकीचे मंजुरीत अडकले होते.) या नारिंगी माशाला सगळे जावईबापू म्हणत. दोन वेळ आयतं खायचं, दिवसभर मिरवायचं, आणि कुणी काही बोलायची सोय नाही. त्यांचं खाणं-पाणी झाडूवाल्या मावशी बघत.

एके सकाळी टाकी अंधारलेली दिसली. मावशी साहेबांकडे गेल्या.

"साहेब, झाकणातला दिवा गेलाय. पाण्यातल्या झाडांना उजेड मिळाला नाही तर ती कुजतील, पाणी नासेल, आणि जावईबापू हातचे जातील."

साहेबांनी झाकण उचलून आत पाहिलं. आतला पांढरा रंग पिवळट झाला होता.

"हे बघा! उजेड खाली परतणार कसा? अस्तरच बदलायला हवं."

"अहो, पण दिवाच—"

"मावशी, एका वेळी एक प्रश्न."

साहेबांचा हा गुण मला फार भावतो. त्यातही ते सोपा प्रश्न आधी घेऊन अवघड प्रश्नावर अन्याय करत नाहीत.

लगोलग 'परावर्तक पृष्ठभाग निवड समिती' नेमली गेली. सदस्य तीन, सचिव मी. झाकण पुरावा म्हणून कापडात बांधून त्यावर लाख लावली. (शिक्का फार सुबक उठला.) दुसऱ्या दिवशी मावशी स्वतःच्या स्वयंपाकघरातला दिवा फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. पण झाकण मोहोरबंद! मी दिव्याची आवक नोंदवली आणि तो खणात ठेवला.

चाचणीची पद्धत शास्त्रीय होती. नमुना खिडकीशी धरायचा आणि सदस्यांनी आळीपाळीने त्यात बघायचं. आरसा पहिल्याच बैठकीत बाद झाला, कारण त्यात साहेबांचं टक्कल साहेबांना दिसलं. स्टीलच्या पत्र्यात सगळ्यांचे गाल शेजाऱ्याकडे राहायला गेले. चंदेरी कागदाला डब्यातल्या पोळीचा वास येतो, असं एक सदस्य म्हणाले. (तो त्यांच्याच डब्यातला होता.) पांढरा रंग उत्तम ठरला: उजेड सारखा पसरतो, ओलाव्याने बिघडत नाही, कुठेही मिळतो. पण इतकी साधी वस्तू निवडायला समिती कशाला, असा मूलभूत पेच पडल्याने तोही बाद. अखेर अकराव्या बैठकीत सोनेरी मुलाम्याचा पत्रा एकमताने पास झाला. त्यात तिघेही गोरे आणि निरोगी दिसत होते. परावर्तन त्र्याहत्तर टक्के. उरलेलं अभ्यासासाठी राखीव.

दर बैठकीच्या इतिवृत्तात लाभार्थ्याचीही नोंद असे. चौथी बैठक: 'जावईबापू वारंवार वर येऊन तोंड उघडतात, निवडीबाबत उत्सुक दिसतात.' सहावी: 'उत्सुकता वाढली आहे.' आठवीपासून: 'शांत व समाधानी.'

उद्घाटनाला साहेबांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. साहेब क्षणभरही डगमगले नाहीत.

"बघा, डोळ्यांना जराही त्रास नाही!"

टाळ्या झाल्या आणि सगळे जावईबापूंना बघायला टाकीवर वाकले. तेवढ्यात बाकावरच्या एक आजी म्हणाल्या, "तुमचा मासा शोधताय का? तो जिन्यात आहे की, खिडकीपाशी बादलीत. मजेत फिरतोय."

आठव्या बैठकीच्या आदल्या दिवशीच मावशींनी त्याला तिथे हलवलं होतं. टाकीत इतका अंधार आणि पाणी इतकं गढूळ, की कुणाला कळलंच नाही.

शासकीय मासा परवानगीविना हलवल्याबद्दल मावशींची पलीकडच्या इमारतीत बदली झाली आणि जावईबापूंना सन्मानाने सोनेरी झाकणाखाली परत आणलं. निघताना मावशी मला म्हणाल्या, "बाबा, तो दिवा तेवढा लावा हं." मी हो म्हटलं. हो म्हणायला मंजुरी लागत नाही.

दिव्यासाठी मात्र वेगळी समिती लागते. ती नेमली जाण्याआधी, नवव्या दिवशी, जावईबापू गेले. अहवालात मीच कारण लिहिलं: 'प्रखर प्रकाश सोसला नाही.' देव प्रत्येक जिवाची काळजी घेतो, यावर माझी श्रद्धा आहे. त्यासाठीच त्याने मावशी धाडल्या असाव्यात. आम्ही त्यांची बदली केली.

हसताय? हसा. पण पांढरा रंग बाद झाला तेव्हा 'अरेरे, तोच तर बरा होता' असं मनात म्हणालात की नाही? मी तुमचे चेहरे बघत होतो. दिव्याची आठवण त्या घडीला एकालाही झाली नाही. समितीत एक जागा रिकामी आहे. तुमचं नाव लिहून ठेवतो.

दिवा अजून माझ्या खणात आहे, त्याच फडक्यात. घरी गेल्यावर बटण दाबाल आणि उजेड पडेल, तेव्हा एवढंच करा: आपल्या स्वयंपाकघरात अंधार करून आलेल्या त्या मावशींची आठवण ठेवा.