दोन लाख वर्षांचा होकार

सोनवडीत मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाला दोन लाख वर्षांपूर्वीचा एक पूर्वज हजर असल्याशिवाय लग्न ठरत नसे. पूर्वज एकच होता. तो अश्मयुगातून विद्यापीठाच्या उत्क्रांती मानसशास्त्र विभागात डेप्युटेशनवर आलेला होता आणि मुदत संपत आली की विभाग ती वाढवून घेत असे. गावात सगळे त्याला आबा म्हणत. दिसायला आबा तिशीचे होते, पण वयाचा मान ठेवावा लागतो.

आबांना घरोघर न्यायचं-आणायचं काम अश्लेषा डुबलकडे होतं. रविवारी ती विभागाच्या मागच्या खोलीतून आबांना उठवायची, त्यांच्या अंगावर विभागाने शिवून घेतलेला नेहरू शर्ट चढवायची आणि हाताला धरून रिक्षात बसवायची. रिक्षावाल्यांना सवय झाली होती. लग्नसराईत तर दुपारपर्यंत चार घरं व्हायची आणि संध्याकाळी दोघंही तळ्याच्या कट्ट्यावर पाय सोडून नुसतीच बसून राहायची.

विभागाचं म्हणणं साधं होतं. जोडीदार निवडताना माणसाला वाटतं की आपण विचार करतोय. प्रत्यक्षात निवड त्याच्या आत बसलेला आदिमानव करतो. मग आतल्याला विचारत बसण्यापेक्षा बाहेर एक उपलब्ध आहे, त्यालाच विचारलेलं बरं. त्यामुळे मुलीचं मत घ्यायची पद्धत बंद पडली. तशी ती फार जोरात कधी चालू नव्हतीच.

आबांना बोलता येत नसे, म्हणून विभागाने एक खूण ठरवली होती. कांदेपोह्यांची पहिली बशी शिष्टाचाराची. घरच्या बाईने आग्रह केल्यावर आबांनी दुसरी बशी घेतली तर होकार, हात आखडता घेतला तर नकार.

गावातल्या म्हाताऱ्यांना आबा फार सोयीचे पडले होते. आधी ते पत्रिकेवर ढकलायचे, त्याच्याआधी कुलदैवतावर. आता आबांवर ढकलायला लागले. ज्या काकांनी आयुष्यभर बायकोला शेजारणीवरून रडवलं, ते आता सोफ्यावर रेलून सांगायचे, "पुरुषाची जातच शिकारी. आपल्या हातात काय आहे? आबांना विचारा." आबा तेव्हा पंख्याकडे बघत बसलेले असायचे. अश्लेषाने त्यांना कधी कुठल्या बाईकडे वळून बघताना पाहिलं नव्हतं. पंख्याकडे मात्र ते अर्धा-अर्धा तास बघायचे. मुलींच्या बायोडेटात रक्तगटाच्या खाली कमरेचं माप यायला लागलं, ते आबांच्या नावावर. मुलांच्या बायोडेटात फ्लॅटचं क्षेत्रफळ यायला लागलं, तेही आबांच्याच नावावर. आबा स्वतः टेबलाखाली झोपायचे.

अश्लेषा पूर्वी याच विभागात पीएचडी करत होती. चौथ्या प्रकरणात तिने लिहिलं की आबा होकार देतात तो मुलीला नाही, पोह्यांना. ज्या घरी शेंगदाणे परतून घातलेले असतात तिथे लग्न जमतं. ज्या दोन घरांनी उपमा केला होता, ती दोन्ही स्थळं मोडली.

तिचे मार्गदर्शक डॉ. गुळवणी सर यांनी ते प्रकरण चष्मा कपाळावर चढवून वाचलं होतं.

"पोहे म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"पोहे, सर."

"पोहे म्हणजे संसाधन. तू आपलाच सिद्धांत सिद्ध केला आहेस आणि वर तक्रार करते आहेस."

"मग उपमा?"

"उपमा करणाऱ्या घरात मुळातच उदासीनता असते. ती आबांना जाणवते."

अश्लेषाने त्या दिवशी पीएचडी सोडली. सोडताना ती सरांना म्हणाली की तुम्ही दोन लाख वर्षं मागे गेलात आणि तिथेही तुम्हाला तुमचे वडीलच सापडले. सरांनी याला विद्रोहाचं वय म्हटलं. पण आबा दुसऱ्या कुणाचा हात धरून चालेनात, रस्त्यात बसकण मारायला लागले, तेव्हा विभागाने तिला परत बोलावून सोबतीण म्हणून ठेवून घेतलं. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर तिने एक खोली भाड्याने घेतली. खोलीत गादी, स्टो आणि एक खिडकी होती. तिला एवढंच हवं होतं आणि ते तिला मिळालं होतं. तिच्या वडिलांना हेच बघवत नव्हतं.

वसंतराव डुबल पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले होते. पाणी ज्या बाजूला सोडायचं ठरलं त्या बाजूलाच जातं, यावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी परस्पर विभागात जाऊन आबांची वेळ घेतली आणि मग मुलीला फोन केला.

"या रविवारी आबांना घेऊन आपल्याच घरी ये."

"कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? घरात बिनलग्नाचं दुसरं कोण आहे? मांजर?"

"मला लग्न करायचं नाही, पप्पा."

"तुला कोण विचारतंय? आबांना विचारतोय. मुलगा पुण्यात असतो, थोरातांचा सुजित. लग्नानंतर तिकडेच राहायचं. विभागाला दुसरी सोबतीण बघायला सांगून आलोय मी."

अश्लेषा सरांकडे गेली. आबा रोज आपल्याबरोबर असतात, तेव्हा आपल्याच स्थळाचा निर्णय त्यांनी देणं नियमात बसतं का, असं तिने विचारलं.

"पूर्वज सगळ्यांचाच असतो," सर म्हणाले. "हितसंबंध काढायला बसलो तर गावात एक लग्न होणार नाही. मी स्वतः येतो निरीक्षणाला."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"मुलीचा नकार आम्ही संकोच या सदरात धरतो. संकोच चांगला असतो."

रविवारी आबा तिच्या वडिलांच्या घरी सोफ्यावर येऊन बसले. एका बाजूला गुळवणी सर, दुसऱ्या बाजूला मंदाआत्या. आत्या आबांच्या पाया पडली. आबांनी तिच्या अंबाड्यातला गजरा हुंगला आणि एक कळी खाल्ली. आत्या कृतार्थ झाली. थोरात नवरा-बायको समोरच्या खुर्च्यांवर होते आणि सुजित दाराजवळ उभा राहून बुटांकडे बघत होता.

अलीकडे मुलामुलीला आधीच बोलू देत, कारण आबांनी निर्णय दिल्यावर बोलण्यासारखं काही उरत नसे. दोघं गच्चीवर गेली. पाण्याच्या टाकीच्या सावलीत सुजितने विभागाचं पत्रक उघडलं.

"स्त्रीला मुळात सुरक्षितता हवी असते," तो म्हणाला.

"मला झोप हवी असते. रविवारी."

"यात झोपेचं नाही दिलेलं."

"मला लग्न करायचं नाही."

त्याने पान उलटलं. "संकोच. हे आहे."

"तुला करायचंय?"

सुजितने पत्रकाची घडी घातली. मग टाकीला पाठ टेकून तो म्हणाला, "तीन वर्षं बघतोय. दर रविवारी पुण्याहून यायचं, पोहे खायचे, परत जायचं. मागच्या वेळी तर मुलीचं नावच आठवेना. दमलोय मी. एकदाचा होकार झाला की रविवार मोकळा होईल."

"मग घरी सांग तसं."

"तू सांगितलंस ना. काय झालं?"

वाईट मुलगा नव्हता तो. पण रविवार मोकळे व्हावेत म्हणून जन्मभर एकाच अंथरुणात झोपायचं, हे तिला पटेना. ती खाली आली आणि थेट स्वयंपाकघरात शिरली.

"पोहे मी करते."

सुमनताई, तिची आई, हातातली कढई खाली ठेवून तिच्याकडे वळली. एरवी पोहे आईने करायचे आणि 'सगळं हिनेच केलंय' असं आत्याने बाहेर सांगायचं, अशी रीत होती. आईने डोळ्यांना पदर लावला आणि बाजूला झाली. अश्लेषाने पोहे धुतलेच नाहीत. मोहरी काळी पडून कडू होईपर्यंत तेल तापवलं. हळद वरून कच्ची टाकली. मग मिठाच्या बरणीत हात घालून मूठभर मीठ घातलं, थोडा विचार केला, आणि आणखी एक मूठ घातलं. हे कुठलाही प्राणी, कुठल्याही युगातला, दुसऱ्यांदा खाणार नव्हता.

बश्या फिरल्या. थोरातकाकूंनी पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"चव आहे हाताला," त्या म्हणाल्या.

"हिनेच केलेत," आत्या म्हणाली. या वेळी ते खरं होतं.

"वेगळे आहेत," थोरात म्हणाले आणि पाणी प्यायले. "आमच्याकडे इतके... इतके असे होत नाहीत." वसंतराव मान खाली घालून चावत राहिले. कडकड आवाज येत होता. चाळीस वर्षं या सगळ्यांना बायकांनी पुढे ठेवलेलं सगळं गोड मानून घ्यायची सवय होती, आणि नावं ठेवायची ती नंतर, घरी जाताना. कुणी बशी खाली ठेवली नाही.

आबांनी एक घास खाल्ला आणि थांबले. त्यांनी बशी नाकाशी नेली. आधी बशी हुंगली, मग उठून अश्लेषाचा उजवा हात हुंगला, आणि परत सोफ्यावर बसून शेवटच्या कणापर्यंत सगळं खाल्लं. कपाळावर घाम आला. ते हळूहळू खात होते, आणि पूर्ण वेळ तिच्याकडे बघत होते.

"आबा, आणखी घ्या ना थोडे," आईने रीतीप्रमाणे आग्रह केला.

अश्लेषाने मान हलवली. नको, नको, अशी. कट्ट्यावर बसून ती त्यांना डब्यातलं काही द्यायची तेव्हा ते टाकत नसत. एकदा तिने चेष्टेने केळ्याचं साल दिलं होतं, तेही त्यांनी खाल्लं होतं. हे तिला चूल पेटवतानाच आठवायला हवं होतं. विभागाचा सिद्धांत खोटा ठरवताना तिचाही एक सिद्धांत तयार झाला होता, की आबा पोह्यांसाठी खातात. तो या घरात चुकत होता.

आबांनी बशी पुढे केली. आईने वाढलं. आबांनी खाल्लं.

"झालं," सर म्हणाले आणि त्यांनी घड्याळ बघितलं. आत्याने पेढ्यांचा पुडा सोडला. थोरातांनी वसंतरावांना मिठी मारली. सुजितने मोठा श्वास सोडला; त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, बस थांबल्यावर दिसतो तसा सुटकेचा भाव होता. अश्लेषा भिंतीला टेकून उभी राहिली. तिला आबांचा राग येत नव्हता. राग यायलाही जोर लागतो.

"ये, पाया पड सगळ्यांच्या," आत्या म्हणाली.

ती वाकणार तेवढ्यात आबांनी रिकामी बशी पुन्हा पुढे केली. आईकडे नाही, तिच्याकडे.

आत्याचा पेढे वाटणारा हात मध्येच थांबला.

"वाढू का?" आईने हळूच विचारलं.

"थांबा," सर म्हणाले. "तिसरी?"

"भूक लागली असेल," वसंतराव म्हणाले.

"भूक हा घटक आपण धरत नाही." सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "तिसऱ्या बशीची तरतूदच नाही. कधी कुणी घेतलेली नाही."

"मग घेऊ दे की. आणखी पक्का होकार."

"असं कसं म्हणता येईल? दुसरीने दिलेला होकार तिसरीने काढूनही घेतला असेल. किंवा हा पुढच्या मुलीसाठी असेल. किंवा," सरांनी आवाज खाली आणला, "मुलीसाठी स्वतःचीच उमेदवारी असेल."

सगळ्यांनी आबांकडे बघितलं. आबांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ओठ मिठाने पांढरे पडले होते आणि हात पुढे केलेला तसाच होता.

अश्लेषाने कढईतलं उरलेलं सगळं त्यांच्या बशीत वाढलं. आबांनी तेही खाल्लं. मग त्यांनी तांब्या उचलून तोंडाला लावला आणि संपवला.

"म्हणजे आता काय?" थोरातांनी विचारलं. त्यांचा पेढा हातातच होता.

"प्रकरण समितीकडे जाईल."

"आणि तोवर?"

"तोवर प्रलंबित."

"प्रलंबित मुलीला दुसरं स्थळ दाखवता येतं?" वसंतरावांचा आवाज बसला होता.

"नाही येत. प्रलंबित म्हणजे ना ठरलेलं, ना न ठरलेलं. तिला सध्या कुणीच बघू शकत नाही."

थोरातांनी पेढा पुड्यात परत ठेवला. सुजितने चप्पल शोधणाऱ्या आईला म्हटलं की पुढच्या रविवारी मी येणार नाही, कारण मीही प्रलंबित आहे. हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की त्याच्या आईला उलट काही बोलता आलं नाही. वसंतराव मात्र दारात अश्लेषाला म्हणाले, "तू शिकवलंस त्यांना हे."

"मला तुम्ही सगळ्यांनी काही शिकू दिलंत का, की मी कुणाला शिकवीन?" ती म्हणाली आणि आबांचा हात धरून जिना उतरली.

आबा दोन दिवस आजारी होते. ती त्यांना ताक पाजत बसली. समिती दिवाळीनंतर बसली. पाचही सभासद साठीच्या पुढचे होते आणि पाचांनाही स्वतःची तरुणपणची निवड किती नैसर्गिक होती हे सांगायचं होतं, म्हणून तीन बैठका त्यातच गेल्या. चौथ्या बैठकीत एकमताने ठरलं की तिसऱ्या बशीचा अर्थ अंतिमतः ज्याने ती घेतली त्यालाच माहीत असणार, म्हणून प्रश्न आबांकडे अभिप्रायासाठी पाठवावा.

समितीचं पत्र सोबतिणीमार्फत आलं, म्हणजे अश्लेषाकडेच आलं. तिने ते आबांना कट्ट्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. आबांनी ऐकून घेतलं आणि तळ्यातल्या बदकांकडे बघत राहिले. मग ते तिच्या पिशवीवर डोकं टेकून झोपले.

दर महिन्याला विभागाचं स्मरणपत्र येतं. ती दर वेळी कळवते की आबा विचार करत आहेत. विभागाला त्यात वावगं वाटत नाही. दोन लाख वर्षांचा माणूस आहे, त्याला घाई करून चालत नाही.