विश्रांतीवरील परिचारिकेचा कार्यभार

दुसऱ्या लाटेच्या एप्रिलमध्ये, एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, नगर जिल्ह्यातल्या एका कोविड सेंटरात अधिपरिचारिका श्रीमती पुष्पावती दहिफळे कर्तव्यावर असताना रडल्या. रडण्याचा कालावधी चार मिनिटे. स्थळ, चादरींची खोली. चादरी न्यायला आलेल्या आसाराम मामांनी हे पाहिलं आणि तीस वर्षांच्या सरकारी नोकरीला जागून ताबडतोब वरिष्ठांच्या कानावर घातलं.

कारण तसं किरकोळ होतं. सेंटरात बासष्ट पेशंट आणि पाळीला तीन सिस्टर. चौदा नंबरच्या खाटेवरच्या भागूबाई सहा दिवस पुष्पावतीला "पोरी" म्हणत होत्या. त्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "पोरी, घोटभर चहा दिती का?" पुष्पावती म्हणाली, "पाच मिनिटांत आले, आज्जी." तेवढ्यात नऊ नंबरचा ऑक्सिजन उतरला, मग एकतीसचा, मग बावीसचा. पाच मिनिटांना पावणेदोन तास लागले. ती चहा घेऊन आली तेव्हा चौदा नंबरवर दुसऱ्या पेशंटचं नाव चढलेलं होतं. चहा तसाच ठेवून ती चादरींच्या खोलीत गेली.

आता कर्तव्यावर रडण्याबाबत नियमांत काहीच तरतूद नव्हती. परवानगी नव्हती आणि बंदीही नव्हती. अशी मोकळी जागा प्रशासनाला बघवत नाही. आठ दिवसांत वरून पत्र आलं, 'परिचारिका मानसिक स्वास्थ्य संवर्धन मोहीम', आणि पत्रापाठोपाठ मोहिमेचे नोडल अधिकारी वैजनाथ खरमाटे आले. खरमाटे मूळचे पशुसंवर्धन खात्याचे. लाळ-खुरकताच्या लसीकरणात त्यांनी तालुका पहिला आणला होता, म्हणून त्यांची निवड झाली होती. माणूस सज्जन होता. पहिल्या दिवशी सिस्टरांपुढे उभं राहताना त्यांनी सवयीने विचारलं, "चारापाणी वेळेवर होतंय ना?" आणि स्वतःच ओशाळले.

त्यांनी अठ्ठेचाळीस प्रश्नांचा फॉर्म काढला. पुष्पावती हातमोजे काढून समोर बसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं बसणं.

"झोप नीट लागते का?"

"लागते की साहेब. मिळत न्हाई."

खरमाट्यांनी फॉर्म उलटासुलटा पाहिला. "लागते किंवा लागत नाही, एवढंच आहे बाई. मिळण्याचा रकाना नाही."

"मग लागते लिहा."

"मानसिक स्वास्थ्यासाठी प्रशासनाने काय करावे असे वाटते? पन्नास शब्दांत."

पुष्पावतीने लिहिलं, 'दोन दिवस सुट्टी आणि चार सिस्टर.' फॉर्म तिसऱ्या दिवशी परत आला. शेरा होता, 'उत्तर शब्दमर्यादेपेक्षा त्रोटक. पूर्तता करून फेरसादर करावे.' तिने तेच वाक्य आठ वेळा लिहून पाठवलं. मंजूर झालं.

पुढची पायरी प्रशिक्षणाची. 'ताणतणाव व्यवस्थापन' तीन तास, उपस्थिती सक्तीची. ड्यूटीत खंड पडू नये म्हणून ते पहिल्या तुकडीतल्या आठ जणींच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ठेवलं होतं. प्रशिक्षिका पुण्याहून पडद्यावर आल्या. रेंज जात होती, त्यामुळे "मनातले सगळे नकारात्मक..." एवढं बोलून त्या दर वेळी गोठायच्या. शेवटी एकदाच्या सलग बोलल्या, "आता डोळे मिटा. खोल श्वास घ्या. तुम्ही एका शांत जागी आहात."

आठच्या आठ सिस्टरांनी डोळे मिटले. पंधरा मिनिटांनी प्रशिक्षिका म्हणाल्या, "आता हळूहळू डोळे उघडा." कुणीच उघडले नाहीत. पडद्यावरून त्या भारावून म्हणाल्या, "इतकी एकाग्रता मी कुठेच पाहिली नाही!" खरमाट्यांनी फोटो काढला. त्यांनी खांद्याला हात लावल्यावर पुष्पावती ताडकन उठली आणि ओरडली, "कितवा बेड?" दुसऱ्या दिवशी फोटो पेपरात आला. खाली छापलं होतं, 'ध्यानमग्न परिचारिका'.

फॉर्मचे गुण लागले. चाळिसांच्या वर तीव्र ताण. पुष्पावतीला एक्केचाळीस पडले. दहावीच्या निकालालाही तिला इतका आनंद झाला नव्हता, कारण परिपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं, 'तीव्र ताण असलेल्या परिचारिकेस तात्काळ दोन दिवस विश्रांती देण्यात यावी.' घरी तिने नवऱ्याला, कानिफनाथला सांगितलं, "दोन दिवस मला उठवायचं न्हाई. घराला आग लागली तर खाटेसकट बाहेर न्या."

विश्रांतीचा आदेश आला. त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात म्हटलं होतं की विश्रांतीच्या काळातील कार्यभार ताणतणाव व्यवस्थापनाचे प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केलेल्या परिचारिकेकडेच सोपवावा. आठ जणी प्रशिक्षित होत्या. तिघी पॉझिटिव्ह निघाल्या होत्या, चौघींच्या पाळ्या आधीच दुप्पट होत्या. उरलेल्या एका नावापुढे कुठलीच अडचण नव्हती. 'सबब, श्रीमती दहिफळे यांच्या विश्रांतीच्या काळात त्यांचा कार्यभार श्रीमती दहिफळे यांनी सांभाळावा.'

"साहेब, ह्ये वाचलं का तुमी?" पुष्पावतीने विचारलं.

खरमाट्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "चूक सापडत नाही हो," ते हताशपणे म्हणाले. "प्रत्येक वाक्य बरोबर आहे."

तिने दोन्ही ठिकाणी सही केली, कार्यभार देणार आणि कार्यभार घेणार. विश्रांतीच्या पहिल्या दिवशी ती कामावर गेली तेव्हा भांडारातून पीपीई किट मिळालं नाही. विश्रांतीवरच्या कर्मचाऱ्याला किट देय नव्हतं. कानिफनाथ डाळिंबाच्या बागेत माव्याच्या किडीवर फवारणी करताना घालायचा तो रेनकोट आणि गॉगल तिने घरून आणला, सॅनिटायझरने पुसला आणि वॉर्डात शिरली. सात नंबरच्या खाटेवरचे म्हातारे ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून म्हणाले, "सिस्टर, आमाला बी मावा पडलाय व्हय?" त्या महिन्यात वॉर्ड तेवढा एकदाच हसला. पुष्पावतीने त्यांचा मास्क नीट बसवला आणि गॉगलच्या आत तीही हसली. त्यासाठी दोन दिवसांच्या विश्रांतीची गरज होती, असं अहवालात नोंदवता आलं असतं.

तिसऱ्या दिवशी फेरतपासणी. खरमाटे आले, पण फॉर्म त्यांनी पिशवीतून लवकर काढला नाही.

"बाई, एक विनंती आहे. विश्रांतीनंतर गुण विसाच्या खाली यायला हवेत. वरून तसं उद्दिष्ट आहे. एक्केचाळीसचे अठरा होतील का?"

"झाले न्हाईत तर?"

"तर विश्रांती निष्फळ ठरते. मग ती वसुलीला पात्र. म्हणजे घेतलेली विश्रांती तुम्हाला जादा काम करून फेडावी लागेल."

हे सांगताना ते पेनाचं टोपण काढत होते आणि पुन्हा लावत होते. पुष्पावती वीस वर्षं माणसांचे हात बघत आली होती. तिने खुर्ची ओढून त्यांना बसवलं, बोट धरून ऑक्सिजन मोजला. सत्त्याण्णव. मग पाणी दिलं.

"घरी कधी गेल्तात?"

"तेवीस दिवस झाले. संगमनेरला आई एकटी आहे. तिला फोनवर सांगतो, ध्यानधारणा शिकवतोय." ते पाणी प्यायले. पेला खाली ठेवेपर्यंत त्यांचे डोळे भरले होते.

"तुमचा फॉर्म कोण भरतं, साहेब?"

"मी नोडल आहे, बाई. नोडलला फॉर्म नसतो."

पुष्पावतीने त्यांच्या हातून कागद ओढून घेतला. प्रसन्न वाटते? हो. भूक लागते? हो. आयुष्य अर्थपूर्ण वाटते? हो, हो. तिने भराभर खुणा केल्या आणि बेरीज सतराच आली, म्हणून एका प्रश्नाला जरा उदास होऊन अठरा पुरे केले. "घ्या. आता संगमनेरला जाऊन या."

जिल्ह्यात आधी सेंटर आणि मग तालुका 'संपूर्ण तणावमुक्त' जाहीर झाला. मोहीम बंद करण्यात आली, कारण तिची गरज उरली नव्हती.

आता सत्कार बाकी होता. पुष्पावती केडगावच्या एका कॉलनीत राहायची. कॉलनीने तिच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लावला, 'आमचा अभिमान'. एका रविवारी सकाळी कार्यक्रम झाला. रहिवासी गेटच्या आत आणि सत्कारमूर्ती, खबरदारी म्हणून, गेटच्या बाहेर रस्त्यावर. शाल काठीला अडकवून पुढे करण्यात आली. गच्चीवरून फुलं पडली. अध्यक्ष म्हणाले, "सिस्टर, दोन शब्द बोला," आणि सगळ्यांनी मोबाईल वर केले.

पुष्पावती तीन मिनिटं बोलली. तिने सांगितलं की बारा दिवसांपासून कॉलनीने दूधवाल्याला तिच्या दाराशी जायला मनाई केली आहे. सासूबाई साळूबाई ऐंशीच्या आहेत, त्यांना दुधाशिवाय गोळ्या घेता येत नाहीत. पिशवी गेटवर टांगली तरी चालेल, मी येता-जाता उचलीन. तिने हात जोडले.

जोडलेले हात फारच सुंदर दिसले. तो व्हिडिओ तासाभरात नगरभर फिरला आणि पुढे राज्यभर गेला. तुमच्याकडेही आला होता. जेवता जेवता तुम्ही तो पाहिलात, डोळ्यांत टचकन पाणी आलं, खाली दोन नमस्कार आणि एक लाल बदाम टाकून तुम्ही तो आणखी तीन ग्रुपवर पाठवलात. आवाज मात्र तुम्ही चालू केला नव्हता.