बाजी पाटकरी फरशी बघतो

आमचा शेजारी बाजी फरशीच्या दुकानात गेला की आधी खाली बसतो. दोन्ही पाय पुढं सोडतो, तळहात फरशीवर टेकतो आणि बुडावर सरकत दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. मग तांब्यातलं पाणी ओततो आणि तसाच माघारी येतो. यवतच्या दुकानदारानं एकदा विचारलंही, "आबा, फरशी घ्यायचीय का पुसून द्यायचीय?"

बाजीला हसू आलं नाही. जन्मभर पाटकरी होता. कॅनॉलच्या कडेनं हिंडून शेतकऱ्यांना पाण्याच्या पाळ्या दिल्या, शिव्या खाल्ल्या, पण कुणाची पाळी पुढंमागं केली नाही. असला माणूस. रिटायर झाल्यावर वरवंडात माझ्या घराला लागून तीन खोल्या बांधल्या. भिंती झाल्या, रंग झाला, फरशी काही ठरेना. थोरली बहीण कवठे येमाईहून कायमची राहायला येणार होती. तिच्या आधी फरशी झालीच पाहिजे आणि बरोबरच झाली पाहिजे, हा त्याचा हेका. मला एवढंच ठाऊक. बहीण मी कधी बघितली नव्हती.

लोक फरशी डोळ्यांनी घेतात. फार तर चप्पल काढून दोन पावलं चालतात. बाजीला ते पटायचं नाही. "पायाला इचारून काय उपेग? पायाला समदंच चालतंय." हे त्यानं मला शंभरदा ऐकवलं असेल. चकचकीत टाइल ओली झाली की हात निसटतो, म्हणून बाद. खडबडीत शहाबादीवर सरकताना पायजमा मागून फाटला. त्या दिवशी स्टँडपासून घरापर्यंत पिशवी मागं धरून चालत आला, आणि वर मलाच सांगतो, "ही पन बाद."

माझ्या घरात पोरानं पुण्याहून आणून आरशासारखी टाइल बसवलीय. तीही बघायला आला. स्वयंपाकघरातून सरकत निघाला तो उंबऱ्यापाशी अडला. तिथंच बसून म्हणाला, "वहिनी हितनं म्होरं कशा जायच्या रं?"

माझ्या बायकोला, सरूला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. गुडघे गेल्यामुळं शेवटी शेवटी ती बसूनच सरकायची.

"मी उचलायचो," मी म्हणालो. "आता ऊठ आन् घरी जा."

दोन महिने त्याच्याशी बोललो नाही.

तेवढ्या दिवसांत त्यानं फरशी ठरवली. शहाबादीच, पण मशीननं घासलेली आणि चकाकी न आणलेली. मिस्त्रीचा पार जीव काढला. प्रत्येक सांध्यावरून नख फिरवायचा, नख अडलं की फरशी उचलायला लावायचा. मिस्त्रीनं दोनदा थापी फेकली, दोनदा बाजीच्या बायकोनं, गिरजावहिनीनं, चहा पाजून त्याला परत बसवला. त्यात बाजीचा हुकूम, उंबरा एकाही दाराला नको. गावभर बोभाटा झाला. बाजी बाजाराला गेलेला बघून वहिनींनी मिस्त्रीकडून पुढच्या दाराला गुपचूप उंबरा बसवून घेतला आणि त्याला हळदकुंकूही वाहिलं. बाजी आला, पिशवी ठेवली, छन्नी-हातोडा घेऊन बसला.

"उंबऱ्याबिगर घर असतंय व्हय?" वहिनी रडायला आल्या. "लक्ष्मी यायची कुठनं?"

"सरकत यील," बाजी म्हणाला आणि घाव घातला.

मी माझ्या दारातनं बघत होतो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, याची बायको पण आता याला वेडा म्हणणार.

आठवड्यानं जीप आली. बाजीनं बहिणीला दोन्ही हातांवर उचलून उतरवलं आणि दारासमोर खाली ठेवलं. सत्तरीची बाई. लहानपणी ताप आला तेव्हापासून पाय काठीगत वाळलेले. कवठ्याच्या घरात चार उंबरे आणि दोन पायऱ्या, मोरीत जायचं तरी कुणाला तरी उचलायला लागायचं, हे मला नंतर कळलं. सवयीनं जीपमधनं आलेले दोघंतिघं पुढं झाले.

"कुनी हात लावू नगा," बाजी म्हणाला.

म्हातारीनं तळहात टेकले. सरकली. दारातून आत, मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात. कुठं अडली नाही. बराच वेळ ती दिसेना. मग आतून फरशीवर भांडं घासत आल्याचा आवाज आला. पाण्यानं भरलेला तांब्या ती एका हातानं पुढं ढकलायची, मग स्वतः सरकायची, परत तांब्या ढकलायची. दारापर्यंत आली.

"बाजी, पानी घे रं."

साठ-पासष्ट वर्षांत बहिणीनं स्वतः आणून दिलेलं पहिलं पाणी. बाजीनं ते घटाघटा पिऊन टाकलं आणि खाली बसून उगाच एका सांध्यावरून नख फिरवत राहिला.

मी घरी आलो. दार लावलं आणि स्वयंपाकघरात खाली बसलो. हात टेकून सरकत निघालो. उंबऱ्याशी थांबलो. चार बोटं उंच असेल. मी उचलायचो हे खरं, पण मी दिवसभर रानात असायचो. सरूनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मीही विचारलं नाही.

सकाळी बाजीकडं गेलो, छन्नी-हातोडा मागितला. आता घरात सरकणारं कुणी उरलेलं नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी कशाला म्हणून त्यानं विचारलं नाही. माझ्याबरोबर आला, उंबऱ्याच्या पलीकडं बसला आणि छन्नी धरून म्हणाला, "घाल."