उभ्या मोटरची सरळ पाटी

निवृत्त माणसाने घरातल्या कशालाही हात लावू नये. मी फक्त एक पाटी सरळ केली.

बेल्यातल्या आमच्या घरापुढे शेडमध्ये मुलगी भाग्यश्री वर्कशॉप चालवते. उटनूरकडच्या एका वसतिगृहाच्या बाकड्यांचे लोखंडी पाय ही तिची पहिली मोठी ऑर्डर. चार वाजता माल न्यायला जीप येणार आणि ड्रिल मशीनची मोटर सकाळीच जळाली. तिने नवी आणली व मशीनच्या पाठीशी चक्क उभी बसवली. पट्ट्याची पुली वर, मोटर थंड ठेवणारा पंखा खाली, पत्र्याच्या टोपणात.

"मोटर आडवी असते ना गं?"

"बाबा, हिचं बेअरिंगच तसं हाये. उभीही चालते."

मशीन सुरू करून तिने त्याच्याच टेबलावर रुपयाचं नाणं कडेवर उभं केलं. ते हललं नाही! मी हात जोडायचेच बाकी ठेवले. (तहसील कचेरीतल्या बत्तीस वर्षांत इतकं ताठ उभं राहिलेलं मी काही पाहिलं नव्हतं, मी स्वतः धरून.)

ती जेवायला आत गेली. तेव्हा दिसलं, मोटर उभी केल्याने तिच्यावरची कंपनीची पाटी आडवी झालेली. एवढी थोर वस्तू आणि पाटी वाचायला मान वाकडी करायची? कचेरीत मी तिरका शिक्कासुद्धा खपवला नाही. पाटी उचकटली, टोपणाला खिळ्याने दोन भोकं पाडली आणि दोन स्क्रूंनी ती सरळ बसवली. (चांगले लांब स्क्रू. काम पक्कं हवं.)

भाग्यश्रीने येऊन बटण दाबलं. खडाड्! टोपणाखालून प्लास्टिकचे तुकडे माझ्या पायांवर पडले. तिने बटण बंद केलं, वाकून स्क्रूंची नुसती डोकी पाहिली आणि तिला सगळं कळलं. (मला अजून नव्हतं.)

"बाबा, आत पंखा फिरते ना!"

दारातून द्वारकाबाई, म्हणजे आमची मंडळी, कडाडली, "अवो, काऊन हात लावला तुमी?"

"पाटी वाकडी होती."

"मोटर काय पाटी वाचून भोकं पाडते?"

निम्मे पाय बाकी. नवा पंखा आदिलाबादहून उद्या येणार. वारा नसेल तर ही मोटरही जळणार. (घरातले पंखे सगळे छताला.) भाग्यश्रीने आईकडून धान्य पाखडायचं सूप मागवलं आणि मला मोटरपाशी पाटावर बसवलं.

दोन तास तिचा हात चुकला नाही, माझा थांबला नाही. शेवटच्या पायाला ड्रिल लागलं तेव्हा जीप आली. उतरलेल्या वसतिगृहाच्या महिपतरावांनी घामाघूम मला निरखून विचारलं, "हे कोण?"

ड्रिलवरची नजर न काढता भाग्यश्री म्हणाली, "तो मोटरचा पंखा हाये. आमी उद्या बदलून राह्यलो."